आवाज तिघांचे, नाव एकाचं

'द बँड' या रॉक बँडचं 'द वेट' हे गाणं जेमतेम साडेचार मिनिटांचं आहे. सुरुवातीला गिटारची छोटीशी लड, मग ड्रमचा जाडसर, कोरडा ठोका आणि लगेच लेव्हॉन हेल्मचा आवाज. एक दमलेला प्रवासी नाझरेथ गावी पोचलाय. त्याला रात्रीपुरती पाठ टेकायला जागा हवी आहे, आणि भेटेल तो माणूस त्याच्याच गळ्यात काही ना काही काम अडकवतो आहे. पहिली तीन कडवी लेव्हॉन म्हणतो. कापसाच्या मुलखात, आर्कान्सातल्या शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाचा तो आवाज, शब्द जरा ओढत, जरा चावत म्हणणारा. चौथ्या कडव्याला माणूसच बदलतो. रिक डँको येतो. त्याचा आवाज पातळ, थरथरणारा, कायम घाईत असल्यासारखा. गोष्ट तीच, गोष्ट सांगणारा 'मी'ही तोच, फक्त गळा दुसरा. पाचवं कडवं दोघं वाटून घेतात. आणि ध्रुवपदाच्या शेवटी एकच शब्द तीन आवाज एकामागून एक उचलतात. पहिला अजून लांबवतोय तोवर दुसरा येतो, त्याच्यावर तिसरा. त्या तिघांतला एक रिचर्ड मॅन्युएल.

या गाण्याच्या रेकॉर्डवर गीतकार-संगीतकार म्हणून एकच नाव छापलेलं आहे: जे. आर. रॉबर्टसन. रॉबी रॉबर्टसन या गाण्यात गिटार वाजवतो. गात नाही.

'द बँड'बद्दल माझ्या मनात जे काही आहे त्याची गाठ इथे बसलेली आहे. आपल्याकडे बीटल्स, पिंक फ्लॉइड, ईगल्स घराघरात पोचले, तसे हे पाच जण पोचले नाहीत. बहुतेकांना ते बॉब डिलनच्या मागे वाजवणारे म्हणून माहीत असतात, तेही असलेच तर. मला मात्र रॉक संगीतात एवढ्या जवळून एकमेकांना ओळखणारे गळे दुसरीकडे कुठे ऐकू आलेले नाहीत. आणि ज्या ओळखीमुळे ती गाणी झाली, तिचीच पुढे वाटणी करायची वेळ आली तेव्हा काय झालं, हेही दुसऱ्या कुठल्या बँडनं इतकं उघडं करून दाखवलेलं नाही.

पाच जणांत चार कॅनडाचे, एकटा लेव्हॉन अमेरिकेच्या दक्षिणेतला. आर्कान्साचाच रॉनी हॉकिन्स हा रॉक अँड रोल गायक आपला ताफा घेऊन कॅनडात गेला. बरोबरचे दक्षिणेतले वादक एकेक करून घरी परतले आणि त्यांच्या जागी त्यानं ऑन्टारिओतली पोरं घेतली. रॉबर्टसन टोरांटोहून आर्कान्साला पोचला तेव्हा सोळा वर्षांचा होता. ज्या गाण्यांवर तो पोसला होता त्या गाण्यांचा देश तो पहिल्यांदा डोळ्यांनी बघत होता: नदी, दलदल, कापूस, माणसांची बोलण्याची ढब, गावांची नावं. लेव्हॉनला यातलं काहीच नवीन नव्हतं, ते त्याचं घर होतं. पुढे रॉबर्टसननं जी गाणी लिहिली त्यातला मोठा भाग याच मुलखात घडतो. 'द वेट'मधली अ‍ॅना ली ही आपल्या लहानपणची मैत्रीण आणि चेस्टर हा फेएटव्हिलमध्ये भेटलेला एक वल्ली, असं लेव्हॉननं आत्मचरित्रात सांगितलं आहे. नाझरेथ हे नाव मात्र रॉबर्टसनला गिटारच्या पोटात दिसलं. मार्टिन कंपनीच्या गिटारी पेन्सिल्व्हेनियातल्या नाझरेथला बनतात आणि तो पत्ता आत छापलेला असतो. म्हणजे गाव लिहिणाऱ्याचं आणि गावकरी गाणाऱ्याचे.

हॉकिन्सपासून वेगळे झाल्यावर १९६५ मध्ये डिलननं त्यांना बरोबर घेतलं. डिलन तेव्हा नुकताच इलेक्ट्रिक गिटारकडे वळला होता आणि त्याचे जुने चाहते गावोगाव हुर्यो करत होते. रोज रात्री शिव्या खायच्या आणि वाजवायचं, हे लेव्हॉनला सहन झालं नाही. तो निघून गेला, मेक्सिकोच्या आखातात तेलाच्या फलाटावर कामाला लागला. बाकीच्यांनी दौरा पुरा केला. १९६६ मध्ये डिलनला मोटारसायकलचा अपघात झाला, दौरे थांबले, आणि १९६७ मध्ये ही मंडळी न्यूयॉर्क राज्यात, वुडस्टॉकजवळच्या वेस्ट सॉगर्टीज गावात एका गुलाबी घरात राहायला गेली. त्या घराच्या तळघरात डिलन आणि ते रोज जमायचे आणि वाजवायचे. जुनी लोकगीतं, चर्चची गाणी, नवी गाणी, काहीही. कुणासाठी नाही, कुठे विकायलाही नाही.

या तळघराबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते: ते गोल करून बसायचे. आवाज मोठा केला तर तळघराच्या भिंती तो परत अंगावर फेकायच्या, म्हणून हळू वाजवायचं. हळू वाजवलं की शेजारच्याचं ऐकू येतं. पुढे न्यूयॉर्कच्या स्टुडिओत पहिली रेकॉर्ड करताना तिथल्या पद्धतीप्रमाणे प्रत्येकाला पडद्यांआड वेगळं बसवलं, तेव्हा त्यांना वाजवताच येईना. पडदे काढून पुन्हा गोल केला तेव्हा गाडी रुळावर आली. दुसरी रेकॉर्ड त्यांनी बरीचशी स्टुडिओबाहेरच केली. हॉलिवूडच्या टेकड्यांवर सॅमी डेव्हिस ज्युनिअरचं घर भाड्यानं घेतलं आणि पोहण्याच्या तलावाशेजारच्या खोलीत सामान मांडलं. समोरच्याचे ओठ दिसल्याशिवाय यांचं गाणं होत नव्हतं.

कारण यांच्या गाण्यात मुख्य गायक ठरलेला नव्हता. पोवाड्यात शाहीर पुढे आणि झिलकरी मागे, शाहिरानं सांगायचं आणि त्यांनी झील धरायची. बहुतेक रॉक बँडांची मांडणी हीच असते. इथे शाहीर आणि झिलकरी एका ओळीत जागा बदलतात. लेव्हॉन ओळ सुरू करतो, डँको तिच्या मध्येच शिरतो, मॅन्युएल शेवटचा शब्द वरून उचलतो. ही तऱ्हा त्यांनी स्टेपल सिंगर्स या गॉस्पेल, म्हणजे चर्चची भक्तिगीतं गाणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबाकडून घेतली. वडील पॉप्स आणि त्यांच्या मुली. सगळे एकदम एका चौकटीत गात नाहीत, एकेक आवाज आपापल्या वेळी येऊन मिळतो. चर्चमधल्या समूहगानासारखं गुळगुळीत मिश्रण इथे होतच नाही. तिन्ही गळे शेवटपर्यंत वेगळे ओळखू येतात. रे चार्ल्सवर जीव असलेल्या मॅन्युएलचा खालचा आवाज जड, दाटून आलेला, आणि वरचा फॉल्सेटो, म्हणजे नेहमीच्या पट्टीपलीकडचा पातळ, उंच स्वर, असा की ऐकताना वाटतं आता फाटेल. फाटत नाही. 'आय शॅल बी रिलीज्ड'मध्ये तो पूर्ण गाणंभर तिथेच वर राहतो.

१९६८ च्या जुलैत 'म्युझिक फ्रॉम बिग पिंक' ही पहिली रेकॉर्ड आली. मुखपृष्ठावर डिलननं काढलेलं चित्र, आत पाचही जणांच्या घरच्यांचा मोठा फोटो. आईवडिलांशी भांडण हाच रॉकचा धर्म होता त्या वर्षी हे पाच जण काकांना, आज्ज्यांना, भाचरांना घेऊन उभे राहिले. ती रेकॉर्ड ऐकून एरिक क्लॅप्टनला स्वतःच्या बँडमध्ये राहावंसं वाटेना. जॉर्ज हॅरिसन त्यांना भेटायला वुडस्टॉकला आला. हे सगळं प्रसिद्ध आहे.

त्या रेकॉर्डवर कुणाचं नाव कुठे आहे ते मात्र कमी लोक बघतात. अकरा गाणी. त्यातली चार रॉबर्टसनची आणि चार मॅन्युएलची. मॅन्युएलची तीन पूर्ण स्वतःची, आणि चौथं, 'टिअर्स ऑफ रेज', डिलनबरोबर. डिलन एक टाइप केलेला कागद घेऊन तळघरात आला आणि यासाठी काही चाल आहे का, असं त्यानं मॅन्युएलला विचारलं. होती. डँकोनंही अशाच रीतीनं डिलनच्या शब्दांवर 'धिस व्हील्स ऑन फायर' केलं. म्हणजे सुरुवातीला लिहिणारे हातही अनेक होते.

पुढच्याच वर्षी दुसरी रेकॉर्ड आली. नुसतं बँडचं नाव असलेली, तपकिरी मुखपृष्ठाची, आणि माझ्या मते त्यांचं सर्वांत मोठं काम. बारा गाणी. बाराही गाण्यांवर रॉबर्टसनचं नाव. मॅन्युएलचं तीन गाण्यांवर, तिन्ही रॉबर्टसनबरोबर. लेव्हॉनचं एकावर. १९७० च्या 'स्टेज फ्राइट'वर मॅन्युएलची दोन गाणी, तीही जोडीनं. १९७१ च्या 'कहूट्स'वर एकही नाही. चार, तीन, दोन, शून्य. मी हे आकडे पुन्हा पुन्हा बघतो. त्यांच्याबद्दल झालेल्या सगळ्या भांडणांपेक्षा मला ते जास्त बोलके वाटतात.

भांडण पैशावरून झालं, निदान वरवर. गाण्यावर दोन हक्क असतात: एक रचनेचा, म्हणजे शब्द आणि चाल, दुसरा ध्वनिमुद्रणाचा. गाणं कुणी दुसऱ्यानं गायलं तर पैसे रचनाकाराला जातात. अमेरिकेत रेडिओवर गाणं वाजलं तरी रचनाकाराला आणि प्रकाशकाला पैसे मिळतात, गाणाऱ्याला, वाजवणाऱ्याला काही मिळत नाही. अरिथा फ्रँकलिननं 'द वेट' गायलं, १९७१ मध्ये जोन बाएझनं 'द नाइट दे ड्रोव्ह ओल्ड डिक्सी डाउन' गाऊन ते अमेरिकेत तिसऱ्या क्रमांकापर्यंत नेलं, पन्नास वर्षं अमेरिकेतल्या हमरस्त्यांवर मोटारींच्या रेडिओत लेव्हॉनचा आवाज वाजला. या सगळ्यात पैसा एकाच्या घरी गेला. सुरुवातीच्या दिवसांत, सगळे एका घरात राहत असताना, या फरकाची कुणाला पर्वा नव्हती. दहा वर्षांनी पाचांपैकी एकाचं बरं चाललं होतं आणि बाकीच्यांचं दौऱ्यावर निघाल्याशिवाय भागत नव्हतं.

लेव्हॉननं १९९३ मधल्या आत्मचरित्रात हे सगळं उघड मांडलं. गाणी सगळ्यांनी मिळून घडवली, नाव मात्र एकाचं लागलं, असं त्याचं म्हणणं. रॉबर्टसन शेवटपर्यंत सांगत राहिला की मी बसून लिहायचो, बाकीच्यांना लिहा म्हणून मागे लागायचो, कुणीतरी ते काम करणं भाग होतं. मी दोघांचंही वाचलं आहे आणि मला दोघंही खरं बोलताहेत असं वाटतं. ते एकाच गोष्टीबद्दल बोलत नव्हते. कोऱ्या कागदासमोर रात्र काढणं ही मेहनत आहे आणि ती रॉबर्टसननं केली. पण कागदावरचं गाणं जेव्हा त्या गोलात आलं, तेव्हा ते कागदावरचं उरलं नाही.

आपल्याकडे आकाशवाणीवर गाणं लागण्याआधी निवेदक गीत कुणाचं, संगीत कुणाचं, स्वर कुणाचा हे सांगतो. ऐकतच मोठं झाल्यामुळे गाण्याला तीन आईबाप असतात हे आपल्याला सांगावं लागत नाही. तरी तिथेही एक माणूस राहून जातो. मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीतात गोव्याहून आलेल्या वादकांनी अरेंजर म्हणून जे केलं ते आठवावं. चर्चच्या शाळेत स्वरलिपी शिकलेली ही माणसं. सेबॅस्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्या गाण्यांना व्हायोलिनच्या रांगा दिल्या, माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी वाद्यवृंद कसा लिहायचा हे एका पिढीला दाखवलं; प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. दोन ओळींच्या मधली जी जागा आपण गुणगुणताना सोडत नाही, ती पुष्कळदा यांची. नाव संगीतकाराचं. संगीतकारानं चाल दिली हेही खरंच असतं. चाल आणि शब्द यांच्यापलीकडे गाण्यात जे असतं त्याला कायद्यात खातं नाही, मुंबईतही नाही आणि वुडस्टॉकमध्येही नाही.

'चेस्ट फीव्हर' घ्या. हे पहिल्या रेकॉर्डवरचं गाणं. त्याचे शब्द नुसते जागा भरायला घातले होते हे रॉबर्टसननंच पुढे कबूल केलं आहे. गाणं सुरू होतं गार्थ हडसनच्या ऑर्गननं, बाखच्या डी मायनरमधल्या प्रसिद्ध तोकाताची आठवण देत, आणि मग ऑर्गन कुठल्या कुठे निघून जातो. गार्थ पाचांत मोठा, रीतसर पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत शिकलेला. बँडमध्ये येताना घरच्यांना पटावं म्हणून, बाकीच्यांना संगीत शिकवण्याचे वेगळे पैसे घेईन अशी अट त्यानं घातली होती. 'चेस्ट फीव्हर' ऐकलेल्या माणसाला विचारा काय आठवतं, तो ऑर्गनच सांगेल. शब्द कुणाला आठवत नाहीत, चाल पुसट आठवते. रचनाकार: रॉबर्टसन. पुढे मैफलींत गार्थनं ती सुरुवात वाढवत वाढवत सात-आठ मिनिटांची केली. १९७२ च्या 'रॉक ऑफ एजेस'वर तिला 'द जेनेटिक मेथड' असं वेगळं नाव मिळालं आणि त्यावर गार्थचं नाव लागलं. म्हणजे गाण्यापासून वेगळं कापून काढल्यावर त्याचं ते त्याला मिळालं.

'डिक्सी'ची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. गाणं अमेरिकन यादवीच्या शेवटच्या हिवाळ्याबद्दल आहे, १८६५ चा. सांगणारा आहे व्हर्जिल केन, दक्षिणेतला एक गरीब गोरा. त्याचा भाऊ लढाईत मेला आहे आणि घरात खायला नाही. गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या बाजूच्या माणसाचं दुःख असं गावं का, यावर अमेरिकेत वाद आहे, आणि तो वाद रास्त आहे. हे गाणं लिहिणारा कॅनडाचा होता, त्याची आई मोहॉक वंशाची. त्यानं ते लेव्हॉनसाठीच लिहिलं. लेव्हॉन लिहितो, मी त्याला वुडस्टॉकच्या वाचनालयात घेऊन गेलो होतो, त्या काळाचा इतिहास-भूगोल कळावा म्हणून. शब्द आणि चाल रॉबर्टसनची, याबद्दल मला शंका नाही. पण ते दुःख खरं वाटतं ते कुणामुळे? बाएझची आवृत्ती ऐका. चांगली आहे, तिच्यात गाणं आहे. व्हर्जिल केन नाही. लेव्हॉन ड्रम वाजवत गातो, त्याचा श्वास जिथे तुटतो तिथे ठोका पडतो, आणि वाटतं की या माणसाच्या आज्यानं त्याला हे ओसरीवर बसून सांगितलेलं असणार.

१९७६ च्या 'द लास्ट वॉल्ट्झ' या निरोपाच्या कार्यक्रमानंतर लेव्हॉननं ते गाणं म्हणायचं सोडलं. पुन्हा कधी म्हटलं नाही. रचनेचा हक्क त्याच्याकडे नव्हता, पण गळा त्याचाच होता, आणि तो त्यानं काढून घेतला. ते गाणं आजही कुणीही गाऊ शकतं, पैसे भरले की झालं. तसं ते पुन्हा कुणाला गाता आलेलं नाही.

लिहिणाऱ्याच्या बाजूनंही पाहायला हवं. रॉबर्टसनला स्वतःचा आवाज गाण्यासाठी पुरेसा वाटत नव्हता. बँडच्या सगळ्या काळात त्यानं मुख्य आवाजात फार थोडी गाणी म्हटली. मग त्यानं काय केलं, तर मित्रांचे गळे इतके ऐकले की कुठलं वाक्य कुणाच्या तोंडी शोभेल हे त्याला लिहितानाच कळायचं. थट्टा आणि रग असेल तर लेव्हॉन. कुणी सोडून गेलं असेल, कुणाची वाट पाहायची असेल, तर डँको. 'इट मेक्स नो डिफरन्स'मध्ये डँको ज्या तऱ्हेनं उघडा पडतो ते ऐकून मला दर वेळी वाटतं की हे गाणं दुसऱ्या कुणासाठी लिहिताच आलं नसतं. आणि १९७५ चं 'अकेडियन ड्रिफ्टवुड'. इंग्रजांनी १७५५ पासून नोव्हा स्कोशियातल्या फ्रेंच वसाहतकऱ्यांना हाकलून दिलं, त्यातले काही भटकत लुइझियानाला पोचले, त्याची ही कहाणी. एका हाकललेल्या समाजाची गोष्ट एकाच्या तोंडून सांगता येणार नाही हे रॉबर्टसनला कळलं. कडवी मॅन्युएल, लेव्हॉन आणि डँको वाटून घेतात आणि ध्रुवपदाला एकत्र येतात. कॅनडाची चार पोरं आणि दक्षिणेचा एक जण ज्या बँडमध्ये गेली पंधरा वर्षं राहत होते, त्या बँडसाठी कॅनडातून दक्षिणेकडे ढकललेल्या लोकांची गोष्ट. हे नुसत्या शब्दांच्या कारागिराचं काम नव्हे. त्यानं आपल्या माणसांवर प्रेम केलं होतं, म्हणून हे सुचलं.

पण याच प्रेमात मॅन्युएल गप्प होत गेला, असं माझं मत झालं आहे. कुणी त्याला लिहू नकोस म्हटलं नाही. उलट रॉबर्टसन त्याला लिही म्हणायचा, अर्धी राहिलेली चाल पुरी करून द्यायचा. 'व्हिस्परिंग पाइन्स' असंच झालं: चाल मॅन्युएलची, शब्द रॉबर्टसनचे. शेवटच्या कडव्यात लेव्हॉन दूरवरून उत्तर देत येतो आणि दोन एकटी माणसं एकमेकांना हाका मारतात. त्या दोघांच्या जोडीचं याहून चांगलं गाणं नाही. मात्र लिहिण्याची सवय अशी आहे की शेजारी भराभर लिहिणारा, उत्तम लिहिणारा आणि तुझ्याच गळ्यासाठी लिहिणारा माणूस बसलेला असला, तर आपली अडखळणारी ओळ कशाला पुढे करा असं वाटू लागतं. त्यातून दारू. मॅन्युएलच्या बाबतीत ती फार होती. कुणावर दोष ठेवण्यासाठी मी हे म्हणत नाही. रॉबर्टसननं जे दिलं ते इतकं बेतून शिवलेलं होतं की स्वतःचं शिवायची गरज उरली नाही.

इतरांनी हा प्रश्न वेगळ्या रीतीनं सोडवला. लेनन आणि मॅकार्टनी यांनी पोरवयातच ठरवलं की दोघांतल्या कुणीही लिहिलं तरी नाव दोघांचं. म्हणून 'यस्टरडे'वरही लेननचं नाव आहे, ज्यात बीटल्सपैकी एकट्या मॅकार्टनीशिवाय कुणीच नाही. डोअर्सनी पहिल्या रेकॉर्डवर सगळ्या बँडचं नाव लावलं. क्वीननं १९८९ मध्ये, जवळजवळ दोन दशकांनी, भांडणं टाळायला तेच केलं. या तोडग्यांनी भांडणं कमी झाली असतील. त्यांनी मॅन्युएलला लिहितं ठेवलं असतं का, याची मला खात्री वाटत नाही.

'द लास्ट वॉल्ट्झ' हा निरोपाचा कार्यक्रम १९७६ च्या नोव्हेंबरात सॅन फ्रान्सिस्कोच्या विंटरलँडमध्ये झाला आणि मार्टिन स्कोर्सेसीनं त्याचा चित्रपट केला. त्यात 'द वेट' वेगळं, नंतर स्टुडिओत चित्रित केलेलं आहे, स्टेपल सिंगर्सबरोबर. पहिलं कडवं लेव्हॉन, दुसरं पॉप्सची मुलगी मेव्हिस, तिसरं स्वतः पॉप्स, चौथं डँको. ज्यांच्याकडून गाणं वाटून गायला शिकले, त्यांनाच कडवी वाटून दिली. निरोप घ्यायचा की नाही यावर मात्र एकमत नव्हतं. रॉबर्टसनला थांबायचं होतं, लेव्हॉनला नाही. १९८३ मध्ये बाकीचे चौघं रॉबर्टसनशिवाय पुन्हा एकत्र आले आणि लहान लहान ठिकाणी वाजवू लागले. १९८६ च्या मार्चमध्ये फ्लोरिडात अशाच एका कार्यक्रमानंतर मॅन्युएलनं आयुष्य संपवलं. बेचाळीस वर्षांचा होता. पुढच्या वर्षी रॉबर्टसनची स्वतःची पहिली रेकॉर्ड आली. तिची सुरुवातच मॅन्युएलसाठी लिहिलेल्या गाण्यानं होते, आणि आता गायला दुसरं कुणी नसल्यामुळे रॉबर्टसन ते स्वतः गातो.

डँको १९९९ मध्ये गेला. त्याच सुमारास लेव्हॉनला घशाचा कर्करोग झाला आणि उपचारांत आवाज पूर्ण गेला. तो परत आला, खरखरीत होऊन. उपचारांची बिलं भागवायला लेव्हॉननं वुडस्टॉकच्या आपल्या कोठारातच 'मिडनाइट रॅम्बल' सुरू केले. घरातच मैफल, ऐकणारे हाताच्या अंतरावर, मुलगी एमी शेजारी उभी राहून गाणारी. २००७ च्या 'डर्ट फार्मर'ला ग्रॅमी मिळालं. आजारानंतरचा तो आवाज मला पहिल्या आवाजाइतकाच आवडतो. त्याला आता दाखवायचं काही राहिलेलं नाही. २०१२ मध्ये तो न्यूयॉर्कच्या रुग्णालयात शेवटचे दिवस मोजत होता तेव्हा रॉबर्टसन त्याला भेटायला गेला आणि त्याचा हात हातात घेऊन बसला. रॉबर्टसन २०२३ मध्ये गेला, गार्थ २०२५ च्या जानेवारीत. पाचांतलं आता कुणी नाही, त्यामुळे या हिशेबात काही दुरुस्ती होण्याचाही प्रश्न उरलेला नाही.

माझ्या हातात असतं तर मी फार थोडं बदललं असतं. 'द वेट' आणि 'डिक्सी'वर रॉबर्टसनचं नाव तसंच ठेवलं असतं, फक्त त्याखाली स्वर म्हणून गाणाऱ्यांची नावं तेवढ्याच मोठ्या अक्षरांत. 'चेस्ट फीव्हर'वर गार्थचं नाव घातलं असतं, निम्म्या हक्कासह. आणि या बँडचं काहीच न ऐकलेल्या माणसाच्या हाती मी 'द वेट' दिलं नसतं. त्याला म्हटलं असतं, पहिल्या रेकॉर्डवरचं 'वी कॅन टॉक' लाव. त्यात तीन आवाज एकमेकांच्या ओळी तोडत, हिसकावत, पुऱ्या करत जातात. कधी अर्ध्या वाक्यात माणूस बदलतो, कधी तिघं एका शब्दावर आदळतात, आणि आत्ता कोण गेलं हे कळायला पुन्हा मागे जावं लागतं. तिन्ही गळ्यांना एवढं मोकळं रान रॉबर्टसननंही कधी दिलं नाही. ते गाणं मॅन्युएलनं लिहिलं, एकट्यानं.